डोरेटचं बाळ

बर्मिंगहॅम
३ नोव्हेंबर १९७४

प्रिय मावशी,

तुझं पत्र पोचलं. कारल्याच्या वेलाची वाळकी पानंही पोचली. पाकीट वाटेत फुटलं होतं आणि पोस्टमननं ते चिमटीत धरून असं दिलं, जणू मेलेला उंदीरच देतोय. आईनं लगेच काढा केला आणि इथं जन्मलेल्या माझ्या धाकट्या दोघा भावांना नाकं दाबून पाजला. त्यातला मोठा म्हणाला, जमैकातले लोक हे पितात म्हणूनच इंग्लंडला पळून येतात.

थंडी पडलीय. घरात रॉकेलचा एकच हीटर, तो जाईल त्या खोलीत आम्ही सगळे त्याच्या मागे. आई सकाळी ऑफिसं झाडते आणि तिथनं थेट कारखान्यात जाते. माझं नर्सिंगच्या शाळेतलं ठीक चाललंय. आजारी माणसाला पलंगावरून न उठवता चादर कशी बदलायची ते शिकले.

मावशी, पुढचं उभ्यानं वाचू नकोस. पायरीवर बस. मला दिवस गेलेत.

मुलगा चर्चमधला आहे, कार्ल्टन. आवाज चांगला आहे त्याचा, आणि मी त्या आवाजालाच भुलले. त्याला सांगितलं तेव्हा तो बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागला. पुढच्या आठवड्यात कळलं की तो लंडनला भावाकडे कामाला गेला. पत्ता ठेवला नाही.

डॉक्टरकडे एकटीच गेले. त्यानं मान वर न करता विचारलं, काढून टाकायचं ना. मी काही बोलायच्या आत म्हणाला, त्याच वेळी अशी व्यवस्था करून टाकू की पुन्हा ही कटकटच नको, तुमच्या मुलींचं दरवर्षी हेच असतं. मी अठरा वर्षांची आहे मावशी. माझं दरवर्षी काहीच नव्हतं. मी कोट उचलला आणि बाहेर पडले.

आमच्या चर्चच्या मागच्या हॉलमध्ये दर शनिवारी पिनॉकबाई आणि आणखी काही बायका बसतात. सगळ्या आपल्याच, कुणी किंग्स्टनच्या, कुणी बार्बाडोसच्या. माझ्यासारख्या पोरी तिथं जातात. पिनॉकबाईंनी चहा दिला आणि विचारलं, "तुला काय हवंय?" हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्या म्हणाल्या, घाई नाही. ठेवायचं, दुसऱ्या घरी द्यायचं की थांबवायचं, तूच ठरव. जे ठरवशील त्यात आमच्यापैकी एक जण तुझ्याबरोबर येईल.

आईला अजून सांगितलं नाही. आधी तुला लिहिलं. का ते तुला ठाऊक आहे. आई म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं पहिल्यांदा तूच येतेस.

तुझी,
डोरेट


डंकन्स गॅप, जमैका
२४ नोव्हेंबर १९७४

डोरेट,

तू सांगितलंस तशी पायरीवर बसले. बसल्या बसल्या चुलीवरचा नीरफणस जळून कोळसा झाला. तो तुझ्या नावावर.

तुला चार शिव्या घालायच्या म्हणून पेन घेतलं होतं. पहिलं पत्र तसंच लिहिलं आणि फाडलं. चर्चमधल्या आवाजाला भुलणारी तू पहिली नाहीस. या गावात निम्मी पोरं देवाच्या गाण्यांतूनच झालीत.

त्या डॉक्टरला म्हणावं, स्वतःच्या बकऱ्यांची व्यवस्था कर. माझ्या पोरीला हात लावायचा नाही.

आता नीट ऐक. तुला हे मूल नकोच असेल तर तेही मला सरळ सांग. आमच्या वेळी एव्हलिन म्हणून माझी मैत्रीण होती. ती झाडपाल्यावाल्या बाईकडे गेली आणि तिसऱ्या दिवशी आम्ही तिला पुरली. तिच्या आईला सांगितलं, ताप होता. तिथं निदान धुतलेल्या हातांनी होतं. मी त्याला पाप म्हणणार नाही. पाद्री म्हणेल, त्याला पगार त्याचाच मिळतो.

पण मला विचारलंस तर मी म्हणेन, ते मूल जन्माला घाल आणि मला पाठव. तुझी शाळा बुडायला नको. पांढऱ्या टोपीतला तुझा फोटो मला भिंतीवर लावायचाय. मूल वाढवायची माझ्या हाताला सवय आहे, सात वर्षं तुला वाढवलं. घराला मोकळं अंगण आहे, तुरीच्या शेंगा आहेत, मला अजून डोंगर चढता येतो. तुझी आई इंग्लंडला गेली तेव्हा तू चार वर्षांची होतीस, झालीसच ना मोठी? काय कमी पडलं?

आईला सांग. दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर ती तुला माफ करणार नाही, आणि मलाही.

मावशी


बर्मिंगहॅम
१९ जानेवारी १९७५

प्रिय मावशी,

हे पत्र आईच्या घरून नाही. पिनॉकबाईंच्या वरच्या खोलीत राहते आहे, पाकिटावरचा पत्ता बघ.

नाताळात सांगायचं नाही असं ठरवलं होतं. आईनं लाल अंबाडीचं सरबत केलं होतं, केक केला होता, ती कधी नव्हे ते गाणं म्हणत होती. दुसऱ्या दिवशी ती इस्त्री करत असताना सांगितलं. ती इस्त्री करतच राहिली. एक बाही संपवली, दुसरी घेतली. मग म्हणाली, "मी तुला इथं कशासाठी आणलं?"

मी म्हणाले, "तू आणलंस कुठं? मागवून घेतलंस, पार्सलासारखं."

तिनं इस्त्री उभी केली, बटण बंद केलं आणि कोट न घालताच बाहेर गेली. परत आल्यावर माझ्याशी बोलली नाही. तीन दिवस नाही. चौथ्या दिवशी मी पिशवी भरली. तिनं अडवलं नाही. जा असंही म्हणाली नाही.

शाळेनं सांगितलंय, दिसायला लागलं की यायचं नाही.

या खोलीत माझ्याबरोबर लॉर्ना म्हणून मुलगी होती, टायपिंग शिकणारी. तिनं थांबवायचं ठरवलं. पिनॉकबाई तिच्याबरोबर दवाखान्यात गेल्या, दिवसभर बाकावर बसल्या, तिला घेऊन परत आल्या. लॉर्ना दोन दिवस झोपली आणि उठून म्हणाली, मला तळलेला मासा हवा. आता ती कामाला लागलीय. ती बरी आहे मावशी. मला वाटलं होतं तिला बघून मलाही ठरवता येईल. पण तिच्याकडे बघून कळलं ते एवढंच, की ते तिचं होतं.

सरकारी बाई येऊन गेल्या. म्हणाल्या, दत्तक देता येईल. आणि त्याच दमात म्हणाल्या, पण काळ्या बाळांना घरं फारशी मिळत नाहीत, अनाथालयात ठेवावं लागेल. जणू दुकानातलं न खपणारं कापड.

तेव्हा तू म्हणतेस तेच करायचं ठरवलंय. जूनमध्ये बाळ होईल. ऑगस्टमध्ये चर्चमधल्या एक बाई जमैकाला जाणार आहेत, त्या घेऊन येतील.

एकच विचारायचंय. काल ते पहिल्यांदा हललं, तेव्हापासून हेच डोक्यात आहे. आई मला सोडून गेली तेव्हा मी रडले होते का? मला काहीच आठवत नाही. खरं सांग.

तुझी,
डोरेट


डंकन्स गॅप
९ फेब्रुवारी १९७५

माझ्या पोरी,

तुझ्या पत्रानं घरात दिवाच लागला. शेजारच्या लिनेटच्या नवऱ्याकडून देवदाराचा पाळणा करून घेतलाय. माणूस आळशी आहे पण हात सोन्याचा. एक दुभती शेळी घेतलीय. फार आगाऊ आहे, पहिल्याच दिवशी पाद्र्याची टोपी खाल्ली. गावात सगळ्यांना सांगून टाकलं की माझ्याकडे इंग्लंडचं बाळ येतंय. आता बायका येता-जाता विचारतात, गोरं असेल का गं? मी म्हणते, थंडीत ठेवलेलं असेल, एवढंच.

तू विचारलंस ते. नाही, तू फारशी रडली नाहीस. लहान मुलांना काय कळतं? खात होतीस, खेळत होतीस. त्याचा विचार करत बसू नकोस, पोटातल्या बाळाला बरं नाही.

पाय वर करून बसत जा. मीठ कमी खा. आईच्या घरावरून जाणं-येणं ठेव, आत नाही गेलीस तरी.

मावशी


बर्मिंगहॅम
१६ मार्च १९७५

ताई,

चौदा वर्षांत मी तुला पैसे आणि नाताळचं कार्ड याखेरीज फार काही लिहिलं नाही, याची मला कल्पना आहे. आज लिहिते आहे ते तुला आवडणार नाही.

डोरेटचं मूल तू घ्यायचं नाहीस.

चर्चमध्ये मला लोक विचारतात, डोरेटचं बाळ तिच्या मावशीकडे जाणार म्हणे. म्हणजे सगळ्या गावाला माहीत, मला नाही.

ताई, ती अकरा वर्षांची असताना विमानतळावर आली. मी नवा कोट शिवून नेला होता तिच्यासाठी. मापाचा अंदाज चुकला, तोकडा झाला. मी तिला चार वर्षांचीच धरून होते की काय कोण जाणे. ती माझ्यासमोर उभी राहिली, हात पुढे केला आणि म्हणाली, "नमस्कार बाई." तू शिकवलंस तशी, शहाण्या मुलीसारखी. त्यानंतर ती मला आई म्हणते, पण ते मला नर्सला सिस्टर म्हणतात तसं वाटतं.

तिला पुन्हा तेच करू देऊ नकोस. मी केलं तेव्हा मला दुसरा रस्ता नव्हता. खोलीच्या दारावर पाटी असायची, काळे नकोत, मुलं नकोत. आता तसं नाही. मी आहे.

तू म्हणशील, मग जा की तिच्याकडे. मी दोनदा पिनॉकबाईंच्या दारापर्यंत गेले. पण जिना माझ्यानं चढवेना.

मर्लीन


डंकन्स गॅप
६ एप्रिल १९७५

मर्ले,

'तू घ्यायचं नाहीस' म्हणजे काय? तुझं मूल मी मागून घेतलं होतं का? तू ठेवून गेलीस. 'दोनच वर्षं ताई' म्हणालीस, त्याची सात झाली. मी एका शब्दानं विचारलं नाही, कारण मला ती हवी होती. आणि मग एक दिवस तिकीट आलं. तिचा फ्रॉक दोरीवर ओला होता, तो वाळेपर्यंतही थांबलं नाही कुणी. तुला पोरगी मिळाली, मर्ले. मला दोरीवरचा फ्रॉक.

हे मी कधी लिहिलं नव्हतं. आता लिहिलं.

तिला 'नमस्कार बाई' म्हणायला मी शिकवलं नाही. मी गाडीत बसवताना सांगितलं होतं, गळ्यात पड. तिला जमलं नसेल. चार वर्षांची असताना जिच्या गळ्यात पडायचं होतं ती साखर आणायला गेली होती.

तू गेल्यावर पोरीचं काय झालं ते तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. आताही तुला सांगणार नाही. ते तिचं आहे, आधी तिला सांगेन. तिनं मला विचारलं होतं आणि मी टाळलं. का टाळलं ते तुझं पत्र वाचून मला नीट कळलं, आणि त्या दिवसापासून पाळण्याकडे बघवत नाही.

पण तू जिना चढ. चौदा वर्षांपूर्वी बोटीची शिडी चढलीस ना पोर मागे ठेवून, तिच्यापेक्षा हा जिना अवघड नाही. हातात काहीतरी घेऊन जा, रिकाम्या हातानं बोलणं सुचत नाही तुला.

ताई


बर्मिंगहॅम
४ मे १९७५

प्रिय मावशी,

आई आली होती. शनिवारी, हातात सुपाचं भांडं, त्याला टॉवेल गुंडाळलेला. सूप, त्यात सुरण, पिठाचे गोळे, सगळं. कोट न काढता खुर्चीच्या कडेला बसली आणि मी खाईपर्यंत भांड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, तुझे पाय बघू. माझे पाय इतके सुजलेत की पिनॉकबाईंच्या नवऱ्याच्या सपाता घालते. तिनं ते मांडीवर घेतले. कारखान्यात हात खरखरीत झालेत तिचे, पण ती दाबत राहिली. जाताना म्हणाली, पुढच्या शनिवारी मटण आणते.

ती आता दर शनिवारी येते. कालच्याला कोट काढला.

बाळ खूप हलतं, खास करून मी पाठ केलेली हाडांची नावं मोठ्यानं म्हणायला लागले की. पुस्तकं अजून वाचते.

माझं डोकं मात्र फार दुखतं. कधी कधी डोळ्यांपुढं काजवे चमकतात. दवाखान्यात सांगितलं तर तिथली सिस्टर म्हणाली, पहिलटकरणींना सगळंच दुखतं, आणि तुमच्या मुलींना जरा जास्तच. गोळी देऊन पाठवलं.

मी आईला विचारलं की ती गेली तेव्हा मी रडले का. ती म्हणाली, "मला काय माहीत? मी मागे वळून पाहिलं नाही. मावशीला विचार." मी तुला विचारलं होतं, आणि तू म्हणालीस नाही. मग ठीक आहे. तरी हे विचारल्यावर तिचा चेहरा का तसा झाला?

पाळण्याचं आणि शेळीचं वाचून आम्ही सगळ्या हसलो. लिनेटच्या नवऱ्याला माझे आभार सांग.

तुझी,
डोरेट


डंकन्स गॅप
१८ मे १९७५

डोरेट, माझ्या बाळा,

तू रडली नाहीस हे खरं आहे. पण ते पूर्ण सांगायला हवं.

तुझी आई सकाळच्या बसनं गेली. तुला म्हणाली, साखर आणायला जाते. तिला दोष देऊ नकोस, मीच सुचवलं होतं तसं म्हणायला. तू खाली रस्त्यावरच्या दगडावर जाऊन बसलीस. संध्याकाळी बस आली, सगळे उतरले, तू ड्रायव्हरला विचारलंस, साखर संपली का? त्यानं पोरीला बरं वाटावं म्हणून सांगितलं, उद्या येईल. मग तू रोज जायला लागलीस. पाऊस असला तरी. मी उचलून आणलं तर चावायचीस.

पुढे कधीतरी तू जायचं थांबवलंस, आणि बोलायचंही. एक शब्द नाही. आंबे संपले, अंबाडी फुलली, नाताळ गेला. जेवायचीस, झोपायचीस, सांगितलेलं काम करायचीस. रडली असतीस तर मी देवाचे पाय धरले असते. डॉक्टर म्हणाले, पोरगी मंद आहे. तू मंद नव्हतीस. तू वाट बघत होतीस.

आणि अकराव्या वर्षी इथून निघालीस तेव्हाही रडली नाहीस. तेव्हा मात्र मला भीती वाटली.

मूल म्हणजे मडकं आहे, या फळीवरून उचलून त्या फळीवर ठेवता येतं, असं आपण समजतो. आपल्यावर तशी वेळही येते. पण तुझ्यावर ती आलीय असं मला आता वाटत नाही. तुझी आई जिना चढलीय. पिनॉकबाई आहेत.

मला ते बाळ इतकं हवंय, डोरेट, की माझ्या सांगण्यावर तू विश्वास ठेवू नयेस. म्हणून सांगते, पाठवू नकोस. तुझ्याजवळ ठेव. नाहीच जमलं तर तिथंच कुणाच्या घरी दे, जिथं तुला जाऊन दार वाजवता येईल. पण समुद्र मध्ये घालू नकोस. आणि त्याला घेऊन तू स्वतः आलीस तर दार उघडंच आहे.

डोकेदुखीचं मला आवडलं नाही. पुन्हा जा दवाखान्यात. आईला बरोबर ने. मर्लीन चिडली की माणसं ऐकतात.

मावशी


बर्मिंगहॅम
८ जून १९७५

ताई,

तुझं पत्र मिळालं तेव्हा बाळ राहिलं नव्हतं.

मेच्या शेवटी एकाच आठवड्यात डोरेटला दोनदा दवाखान्यातून परत पाठवलं. पहिल्यांदा ती एकटी गेली. दुसऱ्यांदा लॉर्ना बरोबर होती. म्हणाले, फार आरडाओरडा करता तुम्ही लोक, अजून वेळ आहे. तिसऱ्यांदा मी आणि पिनॉकबाईंनी नेलं. मी त्या टेबलासमोर उभी राहिले आणि हलले नाही. चिडले होते, ताई, तू म्हणतेस तशी. कुणीतरी मोठा डॉक्टर आला. तोवर तिला तिथंच झटके यायला लागले होते.

पोट कापून मुलगी काढली. इवलीशी होती. काचेच्या पेटीत ठेवली. दोन दिवस जगली.

डोरेटला चाकाच्या खुर्चीवरून एकदा नेऊ दिलं, काचेबाहेरून बघायला. मी आत हात घातला होता, नर्सनं घालू दिला. बाळानं माझं बोट धरलं. तेवढंच.

शहराच्या कबरस्तानात पुरली. शनिवारच्या हॉलमधल्या सगळ्या बायका आल्या, डोक्यावर टोप्या घालून, रविवारी येतात तशा. कार्ल्टनची आईही आली. मागे उभी राहून रडली, मी तिला पुढे बोलावलं.

दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं. डोरेटला डोळ्यांनी अजून धूसर दिसत होतं, म्हणून मी वाचून दाखवायला घेतलं. मला काय माहीत त्यात काय आहे? साखरेपर्यंत आले आणि माझ्यानं पुढे वाचवेना. तिनं कागदावर हात ठेवून खूण केली, वाच. मी सगळं वाचलं. ड्रायव्हरचं, दगडाचं, पावसाचं. माझ्याच तोंडानं तिला वाचून दाखवलं, ताई.

ती माझ्या घरी आहे. माझ्या पलंगावर झोपते, मी खाली. त्या दिवसापासून ती बोललेली नाही. जेवते, अंघोळ करते, भांडी पुसून ठेवते. रडत नाही. धाकटे दोघे बिचकून असतात.

तू तेव्हा काय केलंस? तिला बोलती कशी केलीस? तुझ्या पत्रात ते नाही. मला लिही. मी काहीही करीन.

मर्ले


डंकन्स गॅप
२२ जून १९७५

मर्ले,

मी काहीच केलं नाही. म्हणून लिहिलं नव्हतं.

आधी केलं. काढे दिले, पाद्र्याकडे नेलं, एकदा हातही उगारला, तो माझाच मला लागला. काही उपयोग झाला नाही. मग मी थकले आणि तिला नुसती बरोबर न्यायला लागले. पातीच्या कांद्याचं शेत निंदायला, बाजारात, नदीवर. तिच्याशी बोलायचे नाही, इतरांशी बोलायचे, ती ऐकायची. तिनं काही सांगावं म्हणून तोंडाकडे बघायचे नाही. तेवढं तू करू नकोस, मर्ले. मुलांना ते कळतं.

आणि मग एक दिवस ती बोलली. काय बोलली ते सांगण्यासारखं नाही, शेजारणीला काहीतरी उलट बोलली. मी तिला रागावायला हवं होतं. मी शेतात खाली बसले.

तिला वेळ लागेल. या वेळी ती लहान नाही आणि साखर आणायला कुणी गेलेलं नाही. तिला सगळं माहीत आहे, हे अधिक कठीण.

मला यायचं आहे, पण एवढ्या लांबचा प्रवास आता माझ्यानं होणार नाही. पाळणा लिनेटच्या सुनेला दिला. तिला कामाला येईल.

तू खाली झोपतेस ते बरं करतेस. पण एकदा पलंगावर झोपून बघ, तिच्याशेजारी. ती सरकली नाही तर तशीच राहा. तिनं पहिला शब्द तुला दिला तर मला वाईट वाटणार नाही. थोडं वाटेल.

ताई


बर्मिंगहॅम
१४ सप्टेंबर १९७५

प्रिय मावशी,

खूप दिवसांनी लिहिते आहे.

आई म्हणते, मी पहिल्यांदा बोलले ते 'सरक जरा' असं. मला आठवत नाही. ती म्हणाली, मी इतकी सरकले की पलंगावरून पडले. हे तिनं कारखान्यात सगळ्यांना सांगितलंय.

जानेवारीपासून शाळेत परत घेणार आहेत. पिनॉकबाई जाऊन भांडल्या. दवाखान्यालाही पत्र लिहिलं, हॉलमधल्या सगळ्यांच्या सह्यांचं. उत्तर आलं की आमच्याकडून योग्य ती काळजी घेण्यात आली होती. आईनं ते उत्तर वाचलं, घडी घातली आणि सबंध दुपार खिडक्यांच्या काचा पुसल्या. पिनॉकबाई म्हणतात, पुन्हा लिहू.

तुला एक सांगायचं राहिलंय. तुझं पत्र येण्याआधीच माझं ठरलं होतं. मी तिला पाठवणार नव्हते. आई पाय चेपायची ना, त्यातल्याच एका शनिवारी ठरलं. पण तू पाळणा केलास, शेळी घेतलीस, मला लिहायचा धीर होईना. म्हणून मे महिन्यातल्या पत्रात दुसरंच काहीतरी लिहीत राहिले. तेव्हा माझ्यामुळे तुझ्या हातातून ती गेली असं वाटून घेऊ नकोस. ती माझ्याच हातातून गेली.

मी आता रडते. बसमध्ये, दुकानात, कुठंही. आई बाजूला उभी राहते आणि लोक बघायला लागले की त्यांच्याकडे बघते.

कबरीवर दगड बसवायचा आहे, तेव्हा दगड कोरणाऱ्या माणसानं नाव विचारलं. आई माझ्याकडे बघायला लागली. तिला माहीत नव्हतं. दवाखान्याच्या कागदावर नुसतं 'मुलगी' लिहिलंय. तू, आई, पिनॉकबाई, कुणीच मला विचारलं नाही. तुम्हाला वाटलं असेल, मला त्रास होईल. किंवा वाटलं असेल, नाव ठेवण्याइतकी ती राहिलीच कुठं.

मी ठेवलं होतं. एप्रिलमध्येच. घराण्यातलं नाही, बायबलातलं नाही, तिचं एकटीचं. कॅमिल. काचेबाहेरून मी तिला एकदा हाक मारली. हळूच, कारण तिथं सगळी बाळं झोपली होती.

तुमच्या चर्चमध्ये गेलेल्यांची नावं वाचतात तेव्हा तिचं वाचायला सांग. सगळं गाव इंग्लंडच्या बाळाची वाट बघत होतं ना? त्यांना तिचं नाव कळू दे.

तुझी,
डोरेट